लांबलेला दसरा

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात रघूत्तमरावांच्या घरी गेल्या वर्षीचा दसरा यंदाच्या भाद्रपदापर्यंत चालू होता. शेजारपाजारचे आधी हसले, मग म्हातारा बिथरला म्हणून हळहळले, आणि शेवटी त्यांनी तो नाद सोडून दिला. पण रघूत्तमराव बिथरले वगैरे अजिबात नव्हते. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं, फक्त ते फारसं कुणी नीट विचारलं नव्हतं.

म्हैसूरच्या जुन्या घरांमधून नवरात्रात गोंबे मांडतात, म्हणजे बाहुल्या. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडाची राजाराणीची जोडी. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. रघूत्तमरावांच्या पत्नीची, तुळसीबाईंची जोडी बेट्टदपुराहून आली होती. बाईंचे वडील तिथे शाळामास्तर होते, आणि हुंडा द्यायला जवळ काही नव्हतं तरी जोडी मात्र त्यांनी हौसेने घडवून घेतली होती. विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की राजाराणीला आडवं करून निजवायचं, असा रिवाज. ती निजली की दसरा संपला. त्याआधी नाही.

आता तुळसीबाई जाताना म्हणाल्या होत्या, "दसऱ्यापर्यंत येते हो." दसरा आला, तुळसीबाई आल्या नाहीत. रघूत्तमरावांनी एकट्याने पायऱ्या लावल्या, गोंबे मांडले, राणीला साडी उलटी नेसवली, रोज दोन वेळा बेसूर आरती म्हटली. आणि दशमीच्या संध्याकाळी राजाराणीला निजवायला पुढे केलेला हात त्यांनी तसाच मागे घेतला. गोंबे उभे आहेत तोवर दसरा चालू आहे, आणि दसरा चालू आहे तोवर बायकोने शब्द मोडलेला नाही. बेळगोळच्या कारखान्यात उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? यायचा माल आला नाही तर त्याची जागा मोकळी ठेवायची आणि रॅक हलवायचा नाही, एवढंच त्यांना येत होतं.

तुळसीबाईंनी हायस्कुलात भूगोल शिकवला. फळ्यावर निळ्या खडूने त्यांनी कितीदा गंगा काढली असेल, ब्रह्मपुत्रा काढली असेल, आणि प्रत्यक्षात पाहिली होती ती फक्त कावेरी, तीही केआरएस धरणाच्या भिंतीला अडून बसलेली. निवृत्त झाल्यावर त्या म्हणाल्या, आता खऱ्या नद्या बघते. एका युगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, दोन साड्या आणि एक खांद्यावरची पिशवी घेऊन त्या निघाल्या. रघूत्तमरावांना प्रवास सोसत नाही, परक्या घरी झोप येत नाही, म्हणून ते राहिले. भांडण नव्हतं, काही नव्हतं. बाई पुढे पुढे गेल्या, ब्रह्मपुत्रेच्या मधल्या एका बेटावर पोहोचल्या, आणि तिथल्या पोरांना शिकवत राहिल्या ते राहिल्याच.

फोन व्हायचा. रघूत्तमराव मन लावून सगळं सांगायचे. सिलिंडर आलं, मिक्सरचं पातं बदललं, मोरीतला नळ गळायचा थांबला. कधी येतेस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिला तिथे बरं वाटतंय, आपण कशाला मागे ओढायचं, असा त्यांचा मोठेपणा. फोन ठेवला की मात्र ते गोंब्यांसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि राजाराणीला सांगायचे, "अजून येते म्हणाली नाही हं."

त्या वर्षात घराचं काहीतरी विचित्र झालं होतं. दुपारी पडद्यातून ऊन आत यायचं आणि पायरीपायरीने चढत राणीच्या नाकापर्यंत जायचं, मग तसंच उतरायचं. बाहेर स्कूटर जायच्या, सिटी बस वळायची, पण ते सगळं भिंतीपलीकडच्या गावात चाललंय असं वाटायचं. तुळसीबाईंचा जुना चष्मा स्टुलावर होता तिथेच होता. अर्धं वाचलेलं मासिक पालथं ठेवलेलं होतं तसंच होतं. कंगव्यात पांढऱ्या केसांचा गुंता होता, तो त्यांनी काढला नाही. दारातली चप्पल रोज पुसून जागच्या जागी. जणू बाई कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली आहे आणि इतक्यात येईल. आणि एखाद्या दुपारी डोळा लागून उघडला की रघूत्तमरावांना खरंच तसं वाटायचं. तो एक क्षण फार गोड असायचा, आणि त्यानंतरचा अगदी नको वाटायचा.

भाद्रपदात एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि तुळसीबाई उतरल्या. रापलेल्या, वाळलेल्या, खांद्यावर तीच पिशवी. आधी कळवलंही नव्हतं.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्या उभ्याच राहिल्या. "हे काय हो?"

"दसरा," रघूत्तमराव म्हणाले.

"गेल्या वर्षीचा?"

"चालू आहे की अजून."

तुळसीबाई हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला धरून खाली बसल्या. रघूत्तमरावही हसले, पण नक्की कशाला हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं. मग हसू ओसरलं, बाई उठल्या आणि घर बघायला लागल्या. पॅलेस बघायला आलेली माणसं फिरतात तशा, अनवाणी, हात मागे बांधून, कशालाही न शिवता. चष्मा बघितला, मासिक बघितलं, कंगव्याशी जरा जास्त थांबल्या.

"ही बाई कुठे गेली असेल?" त्या हळूच म्हणाल्या.

"कुठली बाई?"

"जिचा हा चष्मा आहे ती."

प्रवासाचा शीण असेल अशी रघूत्तमरावांनी स्वतःची समजूत घातली आणि कॉफी टाकली.

चार दिवस बाई पलंगावर झोपल्या नाहीत. खिडकीखाली चटई टाकून झोपायच्या. पिशवी त्यांनी दारामागच्या खिळ्याला अडकवली होती, ती रिकामी केली नाही. रघूत्तमराव जाता-येता त्या पिशवीकडे बघायचे. मग एका सकाळी बाईंनी माळ्यावरची पातेली खाली काढली.

"एवढी पातेली कुणाला बेकु?" त्या म्हणाल्या. इथल्या जुन्या मराठी घरांतून कन्नड असं जेवणातल्या मिठासारखं येतं, बोलणाऱ्याला पत्ताही नसतो; बेकु म्हणजे हवं, साकु म्हणजे पुरे. "दोघांना दोन साकु."

"असू दे की कोपऱ्यात. खायला मागतात का?"

"सुम्ने का ठेवायची उगीच? कुणी शिजवेल तरी त्यात."

रिकामं भांडं कुणाला देऊ नये, म्हणून बाई प्रत्येक पातेल्यात मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा टाकायच्या आणि मग हवाली करायच्या. मोठी पातेली जवळच्या एका मठाच्या स्वयंपाकघरात गेली. कपाट शेजारच्या गल्लीतल्या हॉस्टेलच्या पोरी उचलून घेऊन गेल्या. साड्या गेल्या, गाद्या गेल्या. जेवणाचं टेबल वरच्या मजल्यावर अवनीकडे गेलं. अवनी नाशिकची, नोकरीसाठी नवऱ्याबरोबर इथे आलेली, कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी. ती टेबलाला हात लावून म्हणाली, "काकू, नक्की ना? परत मागाल हं नंतर." बाई म्हणाल्या, "मागितलं तर देऊ नकोस." चष्मा, मासिक, कंगवा कधी गेले ते रघूत्तमरावांना कळलंसुद्धा नाही.

त्यांनी लढाई केली नाही असं नाही. वाटणाचा जुना दगडी रगडा बाईंनी सकाळी फाटकाशी नेऊन ठेवला, तो त्यांनी दुपारी घरंगळत परत आत आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली आणि रगडा जिंकला, म्हणजे गेला. आरामखुर्चीवर तर ते स्वतःच बसून राहिले. बाईंनी काही म्हटलं नाही, ते अंघोळीला गेल्यावर ती देऊन टाकली.

एकेक वस्तू गेली तसा घरात उजेड वाढत गेला, हे मात्र खरं. पूर्वी दारातच थांबणारं ऊन आता स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागलं. कुक्करहळ्ळीच्या तळ्याकडून वारा यायचा तो अडखळत नव्हता. बोललं की शब्द घरभर फिरून परत कानाशी यायचा, म्हणून दोघं हळू बोलायला लागली. एका दुपारी रघूत्तमराव फरशीवरच झोपले आणि त्यांना दिसलं की हॉलमधून नदी वाहते आहे. निळी, खडूच्या रंगाची. पलंग, पातेली, रगडासुद्धा तिच्यावरून शांतपणे तरंगत चालले आहेत, आणि आपण गोंब्यांच्या पायरीवर राजाशेजारी उभे आहोत. पाणी खूप वर आलं होतं. भीती कशी ती वाटत नव्हती. पण तुळसी कुठल्या काठाला आहे, तेवढं काही केल्या दिसेना.

जागे झाले तेव्हा बाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. "काय बडबडत होता?"

"काही नाही," ते म्हणाले. आणि त्याच क्षणी त्यांना सगळं लख्ख कळलं. जी बाई पलंग देते, ताटं देते आणि पिशवी तेवढी खिळ्याला भरलेली ठेवते, ती परत जायची आवराआवर करते आहे. या वेळी कायमची. शब्द दिला होता म्हणून एकदा येऊन गेली, झालं. आता मधे आडवा होता तो फक्त दसरा. गोंबे निजले की तो संपणार आणि बाई मोकळ्या.

म्हणून बाईंनी विचारलं, "अहो, गोंबे कधी काढायचे? महिनाभरात नवा दसरा येईल," तेव्हा ते म्हणाले, "नोडोणा. बघू."

"बघू काय? जुना निजल्याशिवाय नवा कसा मांडणार?"

"मुहूर्त बघायला पाहिजे."

"निजवायला कसला मुहूर्त, अय्यो!"

रघूत्तमराव फिरायला निघून गेले. तळ्याच्या बांधावर त्यांनी दोन फेऱ्या जास्त मारल्या. पाण्यात पेलिकन पक्षी आपापल्या जागी तरंगत होते, आणि त्यांना त्या पक्ष्यांचा हेवा वाटला.

इकडे अवनी दुधासाठी नेलेली छोटी पातेली परत द्यायला खाली आली. त्यात तिने चिवडा घालून आणला होता, रिकामी आणायची नाही एवढं ती बाईंकडे बघून शिकली होती. पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "काकू, आता यंदाच्या कुठे मांडणार तुम्ही? मागच्याच अजून उठल्या नाहीत."

"तेच तर ना. निजवतच नाहीत हे."

"पण तुम्ही आलात की आता. काका म्हणाले होते, काकू येईपर्यंतच ठेवणार म्हणून."

"काय म्हणाले होते?"

"मी थंडीत विचारलं होतं ना, अजून का ठेवल्यात. तर म्हणाले, काकू दसऱ्यापर्यंत येते म्हणाल्या आहेत. दसरा संपला तर त्या खोट्या पडतील." अवनी हसली. "मला इतकं गोड वाटलं ना ते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तुळसीबाईंना माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला आवरायचा कंटाळा आला असेल, असंच त्यांनी धरलं होतं. अवनी वर गेल्यावर त्या पायऱ्यांसमोर बसल्या. राणीची साडी उलटी नेसवलेली होती, ती त्यांनी आल्या दिवशीच पाहिली होती आणि मनातल्या मनात हसल्या होत्या. आता साडीची एकेक निरी त्या बघत राहिल्या. प्रत्येक निरीला टाचणी लावलेली होती. किती वेळ लागला असेल.

रघूत्तमराव फिरून आले तेव्हा दिवेलागण होत होती. बाईंनी निरांजन लावलेलं होतं.

"अहो, निजवा आता यांना. वर्षभर उभे आहेत, पाय दुखले असतील."

"आज दशमी नाही."

"गेल्या वर्षीचीच दशमी चालू आहे. तुम्हीच म्हणता ना?"

रघूत्तमरावांनी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि पायऱ्यांपुढे येऊन उभे राहिले. हात राजापर्यंत गेला आणि थांबला. तुळसीबाई बघत होत्या.

"हे निजले की तू जाशील," रघूत्तमराव म्हणाले. त्यांना म्हणायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

बाईंनी जाईन म्हटलं नाही, नाही जाणार असंही म्हटलं नाही. "निजवा आधी," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी राजाला आडवं केलं. मग राणीला, साडी चुरगळू न देता. बाईंनी आरती म्हटली, सुरात म्हटली, आणि वर्षभर रेंगाळलेला तो दसरा एकदाचा संपला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अवनीला खाली बोलावलं आणि जोडी तिच्या ओटीत घातली. ही जोडी मुलीलाच द्यायची असते. यांना मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख करून दोघंही केव्हाच थकली होती. अवनी गोंधळली, "काकू, मला मांडायचं कसं तेपण येत नाही," म्हणाली. "वर येऊन शिकवेन," बाई म्हणाल्या. बाकीचे गोंबे टोपलीतून वर गेले, पायऱ्यांच्या फळ्या गेल्या. रघूत्तमरावांनी टोपली जिन्यापर्यंत स्वतः उचलून दिली. आता अडवून धरण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी हॉलमध्ये फक्त फरशी होती आणि दारामागे ती पिशवी. बाईंनी दोन कॉफ्या आणल्या. दोघं भिंतीला टेकून खाली बसली. खिडकीतून मोगऱ्याचा वास येत होता, आणि रिकाम्या खोलीत तो इतका भरून राहिला की जणू त्यासाठीच ती रिकामी केली होती.

"कधी निघायचं म्हणतेस?" रघूत्तमरावांनी विचारलं.

"दिवाळी झाली की. गोदावरी बघायची राहिली आहे."

"मग आलीस तरी कशाला?" आवाज चढला, तो खोलीभर फिरला, आणि त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

बाईंनी राग मानला नाही. पेला दोन्ही हातांत धरून त्या बोलायला लागल्या. "तिकडे नदीकाठी बसलं की घरची आठवण यायची. पण कशाची येते तेच कळेना. गादीची येते, की कॉफीची, की तुमची? तुमचा फोन यायचा. सिलिंडर आलं, नळ थांबला. ऐकून वाटायचं, यांचं सगळं छान चाललंय. त्यात मी कुठेच नसायचे हो. मग मी आले. बघते तर माझा चष्मा जागेवर, चप्पल जागेवर, केससुद्धा कंगव्यात जागेवर. मला वाटलं, या माणसाला माझ्या वस्तू पुरतात. मी असले काय, नसले काय. म्हटलं, काढून तर टाकू सगळं. काहीच उरलं नाही म्हणजे तरी हे माझ्याशी बोलतात का बघू."

वर अवनीच्या घरी टेबल सरकवल्याचा आवाज झाला. बायकोसाठी म्हणून जपलेल्या एकूण एक वस्तूने बायकोला उलटंच सांगितलं होतं, हे रघूत्तमरावांच्या मनात शिरायला वेळ लागला.

"मला करमत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मला करमत नाही गं तुझ्याशिवाय. तू गेलीस त्या दिवसापासून नाही. एक दिवस नाही." आणि साठी केव्हाच ओलांडलेला तो माणूस कॉफीचा पेला फरशीवर ठेवून पोरासारखा रडायला लागला.

तुळसीबाईंनी त्यांना रडू दिलं. मग पदराने स्वतःचे डोळे पुसून विचारलं, "हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुला मागे ओढल्यासारखं झालं असतं."

"ओढायचं होतं की हो!" बाई म्हणाल्या. "मी गेल्या दसऱ्यालाच आले असते."

त्यानंतर रघूत्तमराव बोलायला लागले. पहिली रात्र कशी गेली ते, दुपारी डोळा उघडला की काय वाटायचं ते, साडी नेसवताना हात कसे अवघडले ते, मागचं पुढचं काही न बघता बोलत राहिले. बाहेर पूर्ण अंधार पडला. तुळसीबाई ऐकत बसल्या होत्या, त्या दिवा लावायलासुद्धा उठल्या नाहीत.